पेटी (हार्मोनियम) दुरुस्ती, बेळगाव: काम चोख, वायदा खोटा

पाचपैकी चार तारे देते. तेही दोन दिवस विचार करून. पहिल्या दिवशी लिहायला बसले असते तर दोनच दिले असते, एवढी चिडले होते.

दुकान शहापूरला. कपिलेश्वरचा उड्डाणपूल उतरून पुढं गेलं की जुन्या घरांच्या बोळात, एका विणकराच्या मागाच्या खोलीला लागून. पाटी नाही. दाराशी मोडक्या पेट्यांचे सांगाडे रचलेले दिसतात, तीच पाटी समजायची. नाव आणि नंबर मुद्दाम देत नाही. मिस्त्रींनीच हात जोडून सांगितलं, "नको अक्का, फोन वाढले की काम ऱ्हातंय." ज्याला खरंच गरज आहे त्यानं शहापुरातल्या कुठल्याही भजनी मंडळाला विचारावं, दारात नेऊन सोडतील.

पेटी आमच्या ह्यांची. आमचं गाव कडोलीच्या बाजूला, मार्कंडेय नदीच्या अंगाला. भात, बटाटा, रताळी. गावात ह्यांना नावानं कोण हाक मारायचं नाही, 'पेटी आण्णा' म्हणायचे. उद्यमबागेत फाउंड्रीत पस्तीस वर्षं साचे भरले, १९८२ ते २०१७. पण फाउंड्री आण्णा कोण म्हणालं नाही. रेशन कार्डावरचं नाव विचारलं तर अर्ध्या गावाला सांगता आलं नसतं. रक्षाविसर्जनाची बातमी पेपरात द्यायची होती तेव्हा धाकट्या दिरानं नुसतं नाव लिहून दिलं. मी कंसात 'पेटी आण्णा' घालायला लावलं, नाहीतर शेजारच्या गावाला कळलंच नसतं कोण गेलं ते.

ते गेले श्रावणात. पेटी १९९१ ची. दिवाळीचा बोनस आणि माझ्या भिशीचे पैसे घालून मिरजेहून आणलेली. तेव्हा गाडी मीटरगेजची होती. मिरज ते बेळगाव पेटी मांडीवर घेऊन आले, फळीवर ठेवली तर सूर हलतील म्हणून. रात्री अकरा वाजता घरी आले आणि पोरं झोपलेली असताना वाजवून दाखवली. मोठा रडत उठला. पेटीचं आमच्या घरातलं पहिलं स्वागत ते.

साडेतीन सप्तकांची, दोन सुरांची पेटी, म्हणजे दर पट्टीला एक खर्ज (जाड आवाजाचा) आणि एक नर (त्याच्या वरचा). पट्ट्या ४२. म्हणजे आत पितळेचे सूर ८४. हे मला कालपरवा कळलं. अडतीस वर्षं संसार केला, त्यातली बत्तीस ही वस्तू देवघराशेजारी होती, पण झाकण उचलून आत कधी बघितलं नाही. ती त्यांची जागा. मी वरून फडकं मारायचे, तेवढंच.

ते गेल्यावर पेटी माळ्यावर गेली. दोन पावसाळे तिथंच. आमच्याकडचा पाऊस माहीत असेल त्याला सांगायला नको, पत्र्याखाली ठेवलेल्या लाकडाचं काय होतं ते. मंडळाचं भजन नुसत्या टाळ-मृदंगावर चाललं होतं. गेल्या आषाढीच्या आधी महिला मंडळाच्या बायका आल्या, म्हणाल्या, "वैनी, पेटी काढा की." काढली. भाता मारला तर आतून दम्यासारखा आवाज. निम्म्या पट्ट्या खाली बसल्या त्या वर येईनात. एक पट्टी न दाबताच बोंब मारत होती.

नवी घ्यायची तर पंधरा-वीस हजार. लेक पुण्याहून म्हणाला, "आई, मी पाठवतो, नवीन घे." मी म्हटलं, आधी ही दाखवून येते.

आता वाहतुकीचं सांगते, कारण पेटी घेऊन जाणाऱ्याला उपयोग होईल. बाईला कर्नाटकात सरकारी बसचं तिकीट २०२३ च्या जूनपासून शून्य आहे. आधार कार्ड दाखवलं, शून्याचं तिकीट हातात आलं. पण कंडक्टरनं पेटीकडं बोट दाखवलं. लगेज! म्हटलं, अरे बाबा, हे माझ्या नवऱ्याचं भजनाचं आहे. तो म्हणाला, "आज्जी, तुमचं फुकट, नवऱ्याचं नव्हे." बस हसली, मीपण हसले आणि लगेजचं तिकीट काढलं. सीबीटी बसस्टँडपासून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मात्र खड्ड्यात सावकाश घातली. पेटी म्हटली की लोक अजून जपतात.

मिस्त्री साठीच्या पुढचे. घरची भाषा कानडी, मराठी आपल्यासारखीच. "बर्री अक्का, कूड्री," म्हणाले आणि स्टूल पुढं केलं. भिंतीवर पंडित रामभाऊ विजापुरे यांचा फोटो, हार घातलेला. तो फोटो बघूनच मी निम्मी तिथं थांबले. आमचे हे ते नाव घेताना कानाची पाळी धरायचे. कागवाडात १९१७ साली जन्मलेला माणूस, बेळगावात राहिला आणि आयुष्यभर पेटी शिकवली, २०१० साली गेला. ह्यांनी त्यांचं वादन एकदा ऐकलं होतं. घरी आले आणि आठ दिवस पेटीला हात लावला नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "आपण वाजवतो ते वेगळंच काहीतरी आहे गे," आणि बसले वाजवायला.

मिस्त्रींना हे सांगितलं तर ते नुसते मान हलवत होते. मग त्यांनी पेटी उघडली.

इथून पुढं माझे चार तारे सुरू होतात.

हा माणूस पेटी उघडतो तसा डॉक्टर माणसाला उघडत असेल तर बरं. घाई नाही. आधी वरचं झाकण काढलं, फुंकर मारली नाही. म्हणाले, फुंकर मारली की घाण सुरात जाते. जुन्या दाढीच्या ब्रशनं एकेक कोपरा झाडून सगळं वर्तमानपत्रावर काढलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "अक्का, बघून घ्या. टाकायचं ते मी टाकणार नाही, तुम्ही टाका."

काय निघालं सांगू? बुक्का, उदबत्तीची राख, चिरमुरे, एक मेलेलं झुरळ, भाताची तुसं, कंपनी बसचा पास, दहा पैशाचं एक नाणं. आणि तंबाखूची पुडी. चुन्याच्या डबीसकट.

ह्यांनी २००९ साली तंबाखू सोडली. आषाढीला विठ्ठलाच्या पायावर हात ठेवून, माझ्यादेखत. मी गावभर सांगत फिरले होते. पुडीवर छापलेली किंमत बघितली, ती २००९ ची किंमत नव्हती. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "लई जणांच्या पेटीत निघतंय अक्का. पेटीला बायको हात लावत नाही, हे त्यांस्नी ठाऊक असतंय." मी तिथं, त्या परक्या माणसासमोर, ओरडून म्हटलं, "बघितलंस काय!" कुणाला म्हटलं ते मिस्त्रींना कळलं. त्यांनी चहा सांगितला.

मग पट्ट्या. पेटीची पट्टी म्हणजे लाकडावर पांढरा पत्रा चिकटवलेला असतो, बोटांनी तो झिजतो, पिवळा पडतो. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर घेतला, पेटी उजेडाला तिरकी केली आणि बोट न लावता नुसतं बघत राहिले. म्हणाले, "ह्यांचा सा काळी दोन."

बरोबर होतं. मंडळाचे बुवा काळी दोनमध्ये, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, गायचे. तीस वर्षं तोच सूर.

"पण शेवटी शेवटी काळी एक," मिस्त्री म्हणाले.

म्हटलं, नाही. बुवा काळी दोनलाच गातात, अजून तसंच सांगतात. माझ्या गळ्याला वय नाही म्हणतात.

मिस्त्रींनी मला बोलावून दाखवलं. काळी दोनच्या सगळ्या सुरांवरची झीज जुनी, खोल, त्यात मळ बसलेला. पांढरी दोनवर थोडी. काळी एकच्या सुरांवरची झीज ताजी, चकचकीत, मळ नाही. "बुवांचं वय किती?" त्यांनी विचारलं. म्हटलं, ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. तर म्हणाले, "मग आवाज उतरला असणार की. पेटीवाल्यानं सा खाली आणला, आधी पांढरी दोन, मग काळी एक. बुवांस्नी सांगितलं नाही."

मला एकदम आठवलं. शेवटची चार-पाच वर्षं भजन सुरू व्हायच्या आधी हे पेटीचं झाकण अर्धवट पुढं ओढून ठेवायचे. मी विचारलं होतं, पट्ट्या दिसत नाहीत, का ठेवता? तर म्हणाले, "दिवा डोळ्यावर येतो." पेटीवरून दिवा डोळ्यावर कसा येईल, हे मी तेव्हा विचारलं नाही.

बुवांना हे कुणी वाचून दाखवू नका. आमच्या गावातले चारपाच जण हे वाचणार, त्यांना सांगते. बुवा ऐंशीच्या घरात आहेत, फोन बघत नाहीत, त्यांना काळी दोनमध्येच राहू दे.

आता भात्याचं. भात्याच्या घडीच्या कोपऱ्याला एक ठिगळ होतं, जाड, तपकिरी. मिस्त्रींनी ते नखानं उचकटून वास घेतला आणि रागावले. "हे कुणी लावलं? हे पेटीचं चामडं नव्हे." पेटीला म्हणे बकऱ्याचं पातळ, मऊ चामडं लागतं, घडीबरोबर वळणारं. हे होतं फाउंड्रीतल्या हातमोज्याचं. तापलेल्या साच्याला हात लावताना घालतात ते. जुना झालेला मोजा कापून, फेविकॉलनं चिकटवलेला. हवा जात नव्हती, काम पक्कं होतं, पण भाता दुप्पट जड झालेला. "ह्या भात्यावर रात्रभर वाजवायचं म्हणजे डावा हात मोडून जाईल," मिस्त्री म्हणाले.

डावा हात दुखतो, असं हे दोन वर्षं म्हणत होते. आम्ही सगळे म्हणायचो, भात्यानं दुखत असेल, वय झालं आता, कमी वाजवा. भात्यानं दुखत नव्हतं. ते श्रावणात कळलं. मिस्त्रींना मी यातलं काही बोलले नाही. ठिगळ काढलेत तर ते मला परत द्या, एवढं म्हटलं. त्यांनी ते कागदात गुंडाळून, वर रबर लावून दिलं. दागिना देतात तसं.

अंदाजपत्रक असं: भाता पूर्ण नवा, चामड्याच्या सगळ्या पट्ट्या नव्या, स्प्रिंगा नव्या, अकरा सूर बदलायचे, बाकीचे घासून लावायचे. एकूण ५,८०० रुपये, आगाऊ २,०००. पावती दिली ती कानडीत. मी वाचून घेतली, अंगणवाडीत तीस वर्षं दोन्ही भाषांतली रजिस्टरं भरलीत. मुदत: तीन आठवडे.

सूर लावतात कसे ते बसून बघण्यासारखं आहे, बघू देतात. पितळेची जीभ असते, एका टोकाला रिवेटनं धरलेली. सूर चढवायचा असला तर जिभेच्या मोकळ्या टोकाला कानसनं अगदी हलकं घासायचं, उतरवायचा असला तर मुळाशी. केसाएवढं. जास्त घासलं की जीभ गेली, दुसरी बसवायची. खर्ज आणि नर दोन्ही एका पट्टीवर लावल्यावर आवाजात लाट येता कामा नये. लाट आली की परत काढायचं. मी एका सुरासाठी त्यांना सतरा वेळा काढ-घाल करताना मोजलं. कानाला मशीन लावलं नाही. मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप असतं म्हणे, नातवानं सांगितलं होतं. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "आहे की माझ्याकडं. मी लावून झाल्यावर त्याला विचारतो, बरोबर आहे काय. तो म्हणतो होय."

गप्पात ते एकदा म्हणाले, पेटीला मोठी माणसं हलकं समजायची. हे आमच्या घरातलं पाठ होतं. रेडिओनं १९४० साली पेटीला बाहेर काढलं ते १९७१ पर्यंत आत घेतलं नाही, कारण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ती मींड, पेटीला येत नाही. ह्यांचं त्यावर उत्तर ठरलेलं असायचं: "आपल्या भजनाला मींड कशाला? चाळीस माणसं ओढून न्यायला दम पाहिजे." मिस्त्रींना हे एवढं आवडलं की त्यांनी माग चालवणाऱ्या शेजाऱ्याला हाक मारून कानडीत सांगितलं.

आता एक तारा का कापला ते सांगते.

पहिलं, वेळ. तीन आठवडे म्हणाले, लागले चार महिने. मी सात वेळा गेले. प्रत्येक वेळी तेच, "नाळे बर्री अक्का." उद्या या. आमच्या कर्नाटकात भूत दाराशी येऊन हाक मारतं म्हणून लोक दारावर 'नाळे बा' लिहून ठेवायचे, भूत वाचतं आणि परत जातं, रोज उद्यावर. मला चार महिने तसंच परतवलं. एकदा मी वैतागून म्हटलं, "मिस्त्री, मी भूत नव्हे." तर ते म्हणाले, "भूत असतीस तर पहिल्यांदा तुझंच काम केलं असतं." बसभाडं शून्य म्हणून निभावलं. पुरुष माणसाला हे परवडणार नाही.

आषाढी गेली, श्रावण गेला. वर्षाचं त्यांचं श्राद्धही पेटीशिवाय झालं. तसं बघितलं तर ते गेले त्या दिवशीही पेटी नव्हती. गावात कुणी गेलं की पेटी आण्णा आधी. रात्रभर भजन, पहाटेपर्यंत भाता चालू. कुणाची जात बघितली नाही, भांडण बघितलं नाही. बांधावरून ज्याच्याशी कोर्टात केस होती त्याच्या बापालाही वाजवलं. आणि ह्यांच्या वेळी बुवा टाळ घेऊन उभे, मृदंग आला, चाळीस माणसं जमली आणि सगळे एकमेकांकडं बघत राहिले, पेटी कोण धरणार? कुणाला येतच नव्हती. मोठ्या माणसांत कुणाला त्यांनी शिकवलीच नव्हती, कारण मोठी माणसं म्हणायची, आण्णा आहेत की.

शिकवली ती पोरांना. तेच दुसरं कारण तारा कापायचं.

२०१२ पासून दर रविवारी विठ्ठल मंदिराच्या ओसरीवर गावातली पोरं जमायची. पोरी जास्त. सुरुवातीला चर्चा झाली, पोरींनी पेटीला हात लावायचा काय. हे म्हणाले, "माझ्या बायकोनं लावला नाही म्हणून मला धाक नाही, निदान ह्या तरी लावू देत." (आता पुडी सापडल्यावर ह्या बोलण्याचा अर्थ मला नवीन लागला.) शिकवायला सोपं जावं म्हणून त्यांनी मधल्या सप्तकातल्या सात पांढऱ्या पट्ट्यांवर लाल ठिपके दिले होते. पांढरी एकपासून. लेकीच्या लग्नातली नेलपॉलिश. एका ठिपक्यावर त्यांचा अंगठा लागून तो पसरलेला, त्याला पोरं 'शेपटीवाला ग' म्हणायची. गाणं विसरलं तरी चालेल, शेपटीवाला ग विसरायचा नाही.

चार महिन्यांनी पेटी हातात आली तेव्हा ठिपके नव्हते. मिस्त्रींनी थिनर लावून सातही पट्ट्या लख्ख पुसल्या होत्या. वर पॉलिशही केलं, मी सांगितलेलं नसताना. पेटी दुकानातल्या नवीन पेटीसारखी चमकत होती आणि ते खुशीत माझ्याकडं बघत होते.

चिरमुऱ्याचा दाणा टाकताना मला विचारणारा माणूस, ठिपके पुसताना विचारलं नाही. मी बोलले. बरंच बोलले, मागावाला माग थांबवून बाहेर आला. मिस्त्री खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं पोरांनी घाण केलीय." मग त्यांनी बाकीचे पैसे घ्यायला नकार दिला. मी ते स्टुलावर ठेवले आणि रिक्षा बोलावली. काम केलंय त्याचे पैसे द्यायचेच. चूक वेगळी, काम वेगळं.

दोन तारे द्यायचं ठरवलं होतं ते त्या रिक्षात.

त्याच रविवारी पोरं आली. पेटी मंदिराच्या ओसरीवर ठेवली. ज्या पोरीनं ह्यांच्याकडं सगळ्यात जास्त वर्षं शिकलं ती आता पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे, शहरातून येऊन-जाऊन करते. तिनं भाता उघडला, एक बोट ठेवलं. मी पायरीवर बसले होते. भाता एवढा हलका चालत होता की पोरीनं सवयीनं जोर लावला आणि पेटी केवढ्यानं तरी ओरडली. सगळी हसली. मग तिनं हात सैल केला. सूर असा आला की मंदिराच्या मागं कडबा रचत होता तो माणूस खाली उतरून आला, बघायला. ८४ सुरांतला एकही सूर वेगळा पडत नाही. १९९१ च्या त्या रात्रीही ही पेटी अशी वाजली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. तिसरा आणि चौथा तारा तिथं आला.

ठिपके परत द्यायचे होते. मी नेलपॉलिश घेऊन बसले आणि मला कळलं की कुठं द्यायचे ते मला माहीत नाही. ४२ पट्ट्या, सगळ्या सारख्या. पोरीनं विचारलं, "काकू, आता गाणार कोण?" म्हटलं, महिला मंडळ. ती म्हणाली, मग पांढरी एकला बायकांचा आवाज तळाला जातो, आपण पांढरी पाच धरू. तिनं सा दाखवला, मी ठिपका दिला. रे दाखवला, दिला. असे सहा झाले. सातवा, नी, पांढऱ्यावर येईना, तो काळी तीनवर आला. काळ्या पट्टीवर लाल दिसतच नाही. पोरीनं दप्तरातून व्हाइटनर काढला. म्हणून आमच्या पेटीवर आता सहा ठिपके लाल आणि एक पांढरा आहे. शेपटी कुणाला नाही. छोट्या पोरांनी लगेच तक्रार केली.

ह्यांचा मित्र होता, फाउंड्रीतला, भट्टीवर असायचा, कानडी माणूस. तबला वाजवायचा. दर १ जूनला हे हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जायचे, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात गेलेल्यांना फुलं वाहायला, एक वर्ष चुकवलं नाही. आणि त्याच संध्याकाळी हा मित्र घरी जेवायला. दोघांत त्या विषयावर मी कधी बोलणं ऐकलं नाही. जेवण झालं की पेटी-तबला, एक मराठी, एक कानडी. मंदिरात पेटी वाजली त्या रविवारी मी त्याला फोन लावला आणि फोन पेटीजवळ धरला. तो पलीकडून काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "भाता बदलला काय गे? हलका लागतोय."

तर ज्यांना पेटी दुरुस्त करायची आहे त्यांच्यासाठी: सकाळी दहाच्या आत जा, नंतर मिस्त्री सुरात बसतात आणि बोलत नाहीत. पावसाळ्यात देऊ नका, लाकूड फुगलेलं असतं, नंतर परत पट्ट्या सैल पडतात. सांगितलेल्या मुदतीला सहानं गुणा. आगाऊ निम्म्याहून जास्त देऊ नका, मी दिले नाहीत. पेटी उघडताना तिथंच बसा, उठू नका. आणि आत काय निघेल ते एकट्यानं बघायची तयारी नसेल तर बरोबर कुणाला तरी न्या.

नवे सूर सहा महिन्यांत थोडे बसतात, तेव्हा एकदा परत आणा, फुकट लावून देतो, असं मिस्त्रींनी सांगितलंय. महाशिवरात्र झाली की जाईन, रताळी घेऊन. पट्ट्यांना थिनर लावायचा नाही, अशी चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. मराठीत आणि कानडीत, दोन्हीत.